क्ष-किरणांना न दिसणारे दुखणे

कर्जत तालुक्यातील कळंब परिसरात भातकापणी उरकत आली की शालेय मैदानी स्पर्धांचे दिवस येतात. त्याच सुमारास पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली पहाटे रस्त्यावर धावू लागतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर अंतर वेळेत पार करावे लागते. पावसाच्या चार महिन्यांत धावणे जवळजवळ बंद असते. मग एकाएकी रोजचा सराव सुरू होतो, तोही कडक झालेल्या जमिनीवर किंवा डांबरी रस्त्यावर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्याची नडगी दुखू लागते. तो कुठे पडलेला नसतो, कशावर आपटलेला नसतो. एक्स-रे काढला तर हाड शाबूत दिसते. मग मैदानावर निकाल लागतो : "काही झालेले नाही, अंग चोरतोय."

हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. दुखणे खरे असते, पण क्ष-किरणांना ते अजून दिसत नसते. अशी दुखणी दाखवणारी 'बोन स्कॅन' नावाची तपासणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाच्या हाती आली. तिच्या इतिहासात प्रशियाचे सैनिक आहेत, कोपनहेगनचे उंदीर आहेत, आवर्तसारणीतले एक रिकामे घर आहे आणि आपल्या मुंबईतील ट्रॉम्बे व परळही आहेत. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. शिक्षकांना तो दोन कारणांनी उपयोगी पडेल. भौतिकी, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तीन विषय त्यात एकत्र येतात, आणि मैदानावर लंगडणाऱ्या मुलाकडे कसे पाहावे हेही त्यातून कळते.

सैनिकांचे सुजलेले पाय

१८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने एका विचित्र तक्रारीची नोंद केली. लांब पल्ल्याच्या कवायती चालीनंतर तरुण सैनिकांचे पाय सुजत व दुखत. कोणतीही जखम नसे. हाड मोडले असेल अशी शंका घ्यायलाही काही आधार नव्हता, म्हणून त्याने हा स्नायुबंधांभोवतीच्या आवरणाचा दाह मानला.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, श्टेखो या डॉक्टरने अशा सुजलेल्या पायांची क्ष-किरण चित्रे पाहून कोडे उलगडले. तळपायाच्या लांबट हाडांना तडे गेलेले होते. एका घावाने हाड मोडते हे सर्वांना ठाऊक होते. हजारो छोट्या धक्क्यांनीही ते मोडू शकते, ही गोष्ट नवी होती. या प्रकाराला पुढे 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव पडले. आज त्याला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणजे ताणजन्य अस्थिभंग म्हणतात. हे दुखणे केवळ सैनिकांचे नाही हे हळूहळू स्पष्ट झाले. ब्रिटिश शल्यचिकित्सक मायकेल डेव्हस यांनी १९५८ मध्ये धावपटूंच्या नडगीतील अशा अस्थिभंगांवर सविस्तर लेख लिहिला.

पण क्ष-किरणांची एक मर्यादा होती. हाडातील खनिजांची सावली फिल्मवर पडते. तडा केसाइतका बारीक असला तर त्या सावलीत फरक पडत नाही. हाड भरून येऊ लागते, तडकलेल्या जागी नव्या हाडाचा थर जमतो, तेव्हा कुठे चित्रात काही दिसते. त्याला दोन-तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. काही वेळा शेवटपर्यंत काहीच दिसत नाही. म्हणजे विश्रांतीची खरी गरज असते त्या काळात एक्स-रे स्वच्छ असतो.

हाड म्हणजे दगड नव्हे

या अडचणीतून वाट काढायची तर हाडाचा आकार पाहून भागणार नव्हते, त्याचे काम पाहायला हवे होते. हाड काम करते हेच मुळात पुष्कळांना पटत नाही. सांगाड्यातले कोरडे हाड पाहून आपल्याला ते दगडासारखे वाटते.

१९३५ मध्ये कोपनहेगन येथे जॉर्ज हेवेशी आणि ओ. खिविट्झ यांनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस (फॉस्फरस-३२) खाऊ घातला. किरणोत्सारी अणू रासायनिकदृष्ट्या आपल्या साध्या भावंडांसारखेच वागतात, पण जातील तिथून किरण पाठवून आपला पत्ता सांगतात. या फॉस्फरसचा मोठा हिस्सा हाडांत गेलेला आढळला. वाढ पूर्ण झालेल्या प्राण्याच्या हाडातही नवा फॉस्फरस सतत येतो आणि जुना सतत बाहेर पडतो, हे त्यातून दिसून आले. माग काढणाऱ्या या अणूंच्या पद्धतीसाठी हेवेशी यांना १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाडात ही उलाढाल दोन प्रकारच्या पेशी करतात. अस्थिभक्षक पेशी जुने हाड खणून काढतात आणि अस्थिजनक पेशी तेथे नवे हाड रचतात. रस्तादुरुस्तीसारखेच हे काम आहे. आधी खराब भाग उकरायचा, मग नवा थर घालायचा. उकरण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला मात्र महिने लागतात. सराव एकाएकी वाढवला की उकरण्याचे काम जोरात सुरू होते. भरणे मागे पडते आणि वाहतूक तर चालूच असते. मधल्या काळात हाड तात्पुरते कमकुवत होते आणि तिथेच तडा जातो. सराव सुरू केल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणे का उपटते, याचे उत्तर येथे मिळते.

तडा दिसला नाही तरी त्या जागी वाढलेले दुरुस्तीचे काम दिसावे, असा माग काढणारा अणू आता हवा होता. १९६१ मध्ये स्ट्रॉन्शियम-८५ वापरून हाडांची चित्रे काढण्यात आली. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या कुळातले असल्यामुळे हाडात सहज शिरते. पण त्याचे अर्धायुष्य सुमारे ६५ दिवसांचे आहे. एका चित्रासाठी रुग्णाच्या अंगात महिनोन् महिने किरणोत्सार ठेवणे कॅन्सरच्या रुग्णाबाबत एक वेळ चालले असते. नडगी दुखणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाबाबत ते चालण्यासारखे नव्हते. पुढच्याच वर्षी फ्लोरीन-१८ चा उपयोग सुचवला गेला. त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. चित्रे चांगली येत, पण ते बनवण्याची सोय जवळ नसेल तर रुग्णालयात पोहोचेपर्यंतच संपत असे.

त्रेचाळिसावे घर

उत्तर मिळाले ते आवर्तसारणीच्या एका रिकाम्या घरात. मेंडेलीव्ह यांनी मँगनीजखाली एक जागा मोकळी सोडली होती. क्रमांक ४३ चे हे मूलद्रव्य कित्येक वर्षे कुणालाच सापडले नाही. १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांना ते सापडले, तेही खाणीत नव्हे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील सायक्लोट्रॉनमध्ये वापरलेला मॉलिब्डेनमचा एक तुकडा त्यांच्याकडे आला होता. माऱ्यामुळे त्यात हे नवे मूलद्रव्य तयार झाले होते. माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेले हे पहिले मूलद्रव्य, म्हणून 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव टेक्नेशियम ठेवले गेले. त्याचे सर्व समस्थानिक किरणोत्सारी आहेत.

त्यातला टेक्नेशियम-९९एम हा प्रकार वैद्यकासाठी जणू मापून शिवलेला निघाला. त्याचे अर्धायुष्य ६ तासांचे, म्हणजे तपासणीला पुरेसे आणि रुग्णाला न जाचणारे. त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हे किरण शरीराबाहेर पडतात आणि बाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्याला सहज पकडता येतात. असा कॅमेरा हॅल अँगर यांनी बर्कली येथेच १९५० च्या दशकाच्या अखेरीस बनवला. त्यात सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो. गॅमा किरण पडला की स्फटिकात क्षणभर प्रकाश चमकतो आणि मागच्या नलिका तो प्रकाश मोजून जागा ठरवतात.

सहा तासांचे अर्धायुष्य सोयीचे खरे, पण वाहतुकीला अडचणीचे. सकाळी सहाला १०० भाग टेक्नेशियम निघाले तर दुपारी बाराला ५० उरते, संध्याकाळी सहाला २५, मध्यरात्री साडेबारा आणि दुसऱ्या सकाळी जेमतेम सहा. यावर अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर व मार्गारेट ग्रीन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस युक्ती काढली. लेकराला पाठवू नका, आईला पाठवा! टेक्नेशियमची आई म्हणजे मॉलिब्डेनम-९९. तिचे अर्धायुष्य ६६ तासांचे. सोमवारी सकाळी निघालेल्या मॉलिब्डेनमपैकी शुक्रवारी सकाळीही एक तृतीयांशाहून अधिक शिल्लक असते, आणि त्यातून टेक्नेशियम सतत जन्मत राहते. रुग्णालयाने ते रोज काढून घ्यायचे. तंत्रज्ञ या उपकरणाला प्रेमाने 'गाय' म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला 'दूध काढणे'.

शेवटचा दुवा रसायनशास्त्राचा होता. टेक्नेशियम आपण होऊन हाडात जात नाही. त्याला हाडाकडे नेणारा वाटाड्या लागतो. अमेरिकेतील सिराक्यूज येथे काम करणारे भारतीय वंशाचे गोपाल सुब्रमणियन आणि त्यांचे सहकारी जॉन मॅकॅफी यांनी १९७१ मध्ये टेक्नेशियम फॉस्फेटच्या संयुगाला जोडून दाखवले. १९७५ मध्ये त्यांच्या गटाने मिथिलीन डायफॉस्फोनेट, म्हणजेच एमडीपी, हे अधिक चांगले संयुग पुढे आणले. जिथे नवे हाड रचले जात असते आणि रक्तपुरवठा वाढलेला असतो, तिथल्या ताज्या खनिज-स्फटिकांवर ते जाऊन चिकटते. एमडीपी आजही वापरात आहे.

ट्रॉम्बे आणि परळ

भारतात या गोष्टीची पायाभरणी आधीच झाली होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये 'सायरस' आली आणि समस्थानिकांचे उत्पादन वाढले. १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याने परळला, टाटा रुग्णालयाच्या शेजारी, रेडिएशन मेडिसिन सेंटर उभारले. डॉ. आर. डी. गणात्रा हे या केंद्राच्या प्रमुखांपैकी एक. अणुवैद्यकातील डॉक्टरांची एक पिढी येथे शिकून देशभर गेली.

ट्रॉम्बेची टेक्नेशियम काढण्याची रीत शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. पाश्चात्त्य देशांत मॉलिब्डेनम-९९ मुख्यतः युरेनियमच्या विखंडनातून मिळवत. त्याचा अगदी थोडा अंश ॲल्युमिनाच्या लहान स्तंभावर बसतो आणि वरून मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशियम खाली उतरते. ट्रॉम्बेत साध्या मॉलिब्डेनम ऑक्साइडवर अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करत. ही रीत सोपी, पण यात किरणोत्सारी मॉलिब्डेनम फार विरळ असते. साध्या मॉलिब्डेनमच्या ढिगात ते विखुरलेले राहते आणि लहान स्तंभात ते सारे मावत नाही. म्हणून आपल्याकडे द्रावक-निष्कर्षणाचा मार्ग घेतला गेला. मॉलिब्डेनम अल्कलीच्या द्रावणात ठेवायचे आणि त्यात मिथिल इथिल कीटोन घालून ढवळायचे. टेक्नेशियम वर तरंगणाऱ्या कीटोनमध्ये जाते, मॉलिब्डेनम खालीच राहते. वरचा थर काढून कीटोन उडवून लावायचा आणि उरलेले टेक्नेशियम निर्जंतुक सलाइनमध्ये घ्यायचे. शाळेत विभाजक नरसाळ्याने तेल आणि पाणी वेगळे करतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

१९८५ मध्ये 'ध्रुव' अणुभट्टी सुरू झाली. १९८९ मध्ये समस्थानिकांच्या पुरवठ्यासाठी 'ब्रिट' हे वेगळे मंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबईतील वाशी येथून देशभरच्या रुग्णालयांना माल जाऊ लागला. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. त्याच सुमारास, २००९-१० मध्ये, कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी दुरुस्तीसाठी वर्षभराहून अधिक काळ बंद राहिल्याने जगभर टेक्नेशियमचा तुटवडा पडला. ६६ तासांत निम्मी होणारी वस्तू साठवून ठेवता येत नाही. कुठेतरी भट्टी थांबली की दूरच्या देशातल्या रुग्णाची तपासणी रखडते.

चित्र काय सांगते

खेळाडूंना या तपासणीचा फायदा लवकरच दिसू लागला. १९७६ मध्ये गेस्लियन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टेक्नेशियमच्या साहाय्याने ताणजन्य अस्थिभंग एक्स-रेच्या कितीतरी आधी ओळखता येतो. दुखणे सुरू झाल्यावर एक ते तीन दिवसांतच चित्रात काळा ठिपका उमटू शकतो. १९८७ मध्ये इस्रायली सैनिकांच्या चित्रांवरून अशा दुखापतींच्या चार पायऱ्या ठरवण्यात आल्या. इतिहास पुन्हा सैनिकांच्या पायांपाशी आला होता.

खेळाडूची तपासणी बहुधा तीन टप्प्यांत होते. दंडात किंवा हातात इंजेक्शन दिल्याबरोबर रक्तप्रवाहाचे चित्र घेतात. पाच-दहा मिनिटांत मऊ भागांत साठलेल्या रक्ताचे घेतात. मग भरपूर पाणी प्यायला सांगून दोन ते चार तासांनी हाडांचे चित्र घेतात. ताणजन्य अस्थिभंग ताजा असेल तर तिन्ही चित्रांत एकाच जागी गोल किंवा चातीसारखा ठिपका दिसतो. नडगीच्या आतल्या कडेने दुखणारा 'शिन स्प्लिंट' हा प्रकार असेल तर फक्त शेवटच्या चित्रात लांबट, फिकट पट्टा दिसतो. हा फरक १९८४ मध्ये स्पष्ट झाला. व्यवहारात तो महत्त्वाचा आहे. पट्टा असेल तर सराव कमी करून काही आठवड्यांत परतता येते. ठिपका असेल तर धावणे बंदच करावे लागते. खुब्याजवळ मांडीच्या हाडाच्या मानेत ठिपका असेल तर मामला तातडीचा, कारण तिथला तडा पूर्ण मोडला तर शस्त्रक्रियेनंतरही सांधा कायमचा अधू होऊ शकतो.

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. काळा ठिपका 'येथे काम चालू आहे' एवढेच सांगतो, काम का चालू आहे ते सांगत नाही. जंतुसंसर्ग, क्षय, गाठ यांनीही ठिपका उमटतो. वाढत्या मुलांत हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढपट्ट्या नेहमीच गडद दिसतात, तो आजार नव्हे. शिवाय या तपासणीत शरीराला साधारण ४ मिलिसिव्हर्ट किरणमात्रा मिळते. निसर्गाकडून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. त्या मानाने ही मात्रा मोठी नाही, पण मुलांच्या बाबतीत कारणाशिवाय घेण्यासारखीही नाही. मुलांना ती वजनाप्रमाणे कमी देतात.

म्हणूनच एमआरआय सुलभ झाल्यावर बोन स्कॅन मागे सरला. एमआरआयमध्ये किरणोत्सार नसतो, आणि हाडाच्या मगजातील सूज तडा पडण्याआधीच दिसते. १९९५ मध्ये फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंच्या नडगीसाठी एमआरआयवर आधारित पायऱ्या मांडल्या. आज ताणजन्य अस्थिभंगाच्या शंकेत पहिली पसंती एमआरआयला असते. एमआरआय करता येत नसेल किंवा एकाच वेळी सर्व सांगाडा पाहायचा असेल तेव्हा बोन स्कॅन उपयोगी पडतो. कॅन्सर हाडांत पसरला आहे का हे पाहण्यासाठी तर तो आजही रोज केला जातो. उपकरण बदलले तरी बोन स्कॅनने शिकवलेला धडा बदलला नाही : हाडाचा आकार शाबूत असला म्हणजे हाड निरोगी असतेच असे नाही.

मैदानावर आणि वर्गात

मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत हा धडा आपण सहज मान्य करतो. २००१ मध्ये पायाच्या अंगठ्याखालच्या वाटाण्याएवढ्या हाडाच्या दुखापतीमुळे सचिन तेंडुलकर श्रीलंकेच्या दौऱ्याला मुकले. २०१९ मध्ये पाठीच्या कण्यातील ताणजन्य अस्थिभंगामुळे जसप्रीत बुमरा संघाबाहेर राहिले. ते अंग चोरत होते असे कुणी म्हणाले नाही. कळंबच्या किंवा खालापूरच्या धावणाऱ्या मुलीला मात्र तेवढा विश्वास मिळत नाही. तिच्यासाठी एमआरआय किंवा बोन स्कॅन म्हणजे नेरळहून लोकल धरून शहर गाठणे, एका माणसाची रोजंदारी बुडणे आणि खर्च. तेव्हा सर्वांत आधी निदान करण्याची संधी असते ती शिक्षकालाच, आणि त्याला यंत्र लागत नाही.

खुणा साध्या आहेत. दुखणे पळताना वाढते आणि थांबल्यावर कमी होते. पुढे ते चालतानाही राहते. बोटाने दाबले तर नेमक्या एका जागी कळ येते. गेल्या काही आठवड्यांत सराव एकदम वाढलेला असतो. एवढे जुळले तर एक्स-रे स्वच्छ असला तरी धावणे थांबवावे आणि डॉक्टरांना सरावाचा सारा तपशील सांगावा. दुखणे जांघेत असेल, रात्री झोपेतून जागे करत असेल, सोबत ताप, सूज किंवा वजन घटणे असेल तर एक दिवसही थांबू नये. ते खेळाचे दुखणे नसण्याची शक्यता असते. धावणाऱ्या मुलीची मासिक पाळी बंद पडली असेल तर खाणे अपुरे पडत असल्याची आणि हाडे कमजोर होत असल्याची ती सूचना असू शकते. ही गोष्ट शिक्षिकांनी मुलींशी मोकळेपणाने बोलायला हवी. आणि पावसाळ्यानंतरचा सराव हळूहळू वाढवावा, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत. त्याला तर काहीच खर्च नाही.

वर्गात अर्धायुष्य शिकवताना हा विषय जरूर घ्यावा. पुठ्ठ्याच्या ६४ चकत्या कापून प्रत्येकीची एक बाजू रंगवा. डब्यात हलवून जमिनीवर टाका आणि रंगीत बाजू वर आलेल्या चकत्या बाजूला काढा. उरलेल्या पुन्हा टाका. प्रत्येक फेरी म्हणजे टेक्नेशियमचे सहा तास. फेऱ्यांचा आलेख काढा. ३२, १६, ८ असे आकडे नेमके येणार नाहीत, त्यांच्या आसपास येतील. का, हे मुलांनाच विचारा. मग विचारा, इंजेक्शन दिल्यानंतर २४ तासांनी शरीरात किती टेक्नेशियम राहील? गणिताने सोळावा हिस्सा येतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी राहते, कारण बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. हे दुसरे कारण एखाद्या मुलाने आपण होऊन सांगितले, तर धडा समजला असे खुशाल मानावे.